आमच्या साडूंचा नेकलेस

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून जेवढ्या माना असतील, त्या सगळ्यांत सुरक्षित मान आमच्या साडूंची आहे, हे मी कोणाच्याही समोर सांगायला तयार आहे. रस्त्यात आडवी बसलेली म्हैस, वरंध घाटाकडचे खड्डे, कामथडीजवळ हायवेवर उलट्या बाजूनं येणारे टेम्पो, यांपैकी कशाचीही त्या मानेला धास्ती नाही. मान सोडली तर साडूंचं बाकीचं शरीर तुमच्याआमच्यासारखंच आहे; गुडघे कुरकुरतात, पायात चपला असतात, शर्टाचं एक बटण नेहमी गेलेलं असतं. पण खांद्यावर काळ्या प्लॅस्टिकचं जाडजूड कडं, छातीवर एक पट्टी, पाठीवर एक पट्टी, आणि त्यावर तोंड झाकणारं हेल्मेट, असे ते जुन्या गाडीवरून येताना दिसले की नवख्या माणसाला वाटतं, चंद्रावरून कोणीतरी बाजाराला आलंय.

या कड्याला इंग्रजीत नेक ब्रेस म्हणतात. राजगडाखालच्या पाली गावात साडूंची बहीण असते, गडावर येणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी करून घालते. तिथं एकदा मोठ्या मोटारसायकलवरून आलेल्या एका पुण्याच्या पोराच्या गळ्यात साडूंनी ते पाहिलं. पोरगं जेवत होतं तोवर साडू त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत होते. आपटलं की डोकं मागं-पुढं जोरात फेकलं जातं, तेव्हा हेल्मेटची कड या कड्यावर टेकते आणि मान अतोनात वाकत नाही, एवढं त्यानं समजावून सांगितलं. त्या क्षणी साडूंच्या आयुष्याला दिशा मिळाली. पुढच्याच आठवड्यात ते पुण्याला गेले आणि दुकानातूनच त्यांनी घरी फोन लावला, "नेक ब्रेस घेऊन येतोय गं!" फोनवर टेम्पोंचे हॉर्न. मेहुणीला ऐकू आलं, नेकलेस. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी नाही ते नवऱ्याला सुचलं म्हणून बाईंनी चांगली साडी नेसली, शेजारणीला बोलावून चहा ठेवला. साडूंनी दारात पिशवीतून ते कडं काढलं तेव्हा शेजारीण म्हणाली, "अगं बया, हे कुठल्या बैलाचं?" तेव्हापासून त्यांच्या गावात, अख्ख्या कामथडीत, त्याला नेकलेस हेच नाव पडलं. मेहुणी मात्र त्यानंतर वर्षभर नवऱ्याच्या गाडीवर मागं बसली नाही. "नवऱ्यामागं बसते मी, जुवामागं न्हाई," एवढंच तिनं सांगितलं.

आपल्याकडे मानेला काही बांधलेला माणूस म्हणजे दुखणाईत, हा सगळ्यांचा पक्का समज. त्यामुळं साडूंना बघायला माणसं येऊ लागली. हातात केळी, बिस्किटचे पुडे. साडू ओट्यावर नेकलेस घालूनच बसलेले असत, कारण काढघाल करण्यात वेळ जातो आणि थोड्या वेळानं परत बाहेर जायचंच असतं. "काय झालं व?" कोणी विचारी. साडू म्हणत, "काय न्हाई. मान एकदम ठणठणीत हाय. पुढं मोडू नये म्हणून घालतोय." येणारा मान हलवी, केळी ठेवी, आणि कुंपणापाशी गेल्यावर सोबतच्याला हळूच सांगे, "लई दुखत असंल. सांगत न्हाई बिचारा." एका लग्नात तर कहरच झाला. वरपक्षाचे म्हातारे मानाचं उपरणं घालायला पुढं आले आणि साडूंच्या खांद्यावर जागा शोधत राहिले. शेवटी ओरडले, "आवं, आमी मान द्यायला आलो, पण पाव्हण्याची मानच सापडंना!" मांडव हसला. साडूही हसले, पण उपरणं त्यांनी नेकलेसवरूनच घालून घेतलं.

मागं बघायचं तर ते अख्खे वळतात, कपाट वळवावं तसे. गाडीवर तेवढंही जमत नाही म्हणून त्यांनी आरसे वाढवत नेले. भोरमधले आमचे गॅरेजवाले रफीकभाई चौथा आरसा बसवताना म्हणाले, "दाढीची खुर्ची पण लावून देऊ का? सलूनच उघडा!" साडू गंभीरपणे म्हणाले, "रफीक, तू गाड्या नीट करतोस. माणसं कोण नीट करणार?" आणि मग त्यांनी गॅरेजमध्ये जमलेल्या सगळ्यांना मानेतल्या मणक्यांविषयी सांगितलं. हे ते कुठंही सांगत. एसटी स्टँडवर, बँकेच्या रांगेत, दहाव्याला. मोटारसायकल चालवणाऱ्या प्रत्येकानं नेकलेस घातलाच पाहिजे, असं त्यांचं मत, आणि ऐकणारा निम्म्यात उठून गेला तर ते त्याच्या गाडीपर्यंत जात. भोरच्या आमच्या डॉक्टरांनी त्यांना एकदा शांतपणे सांगितलं होतं, "उपयोग होईलही. पण खात्रीनं मी सांगू शकत नाही. शर्यतीच्या गाड्यांवर असतो तसा प्रत्येकालाच लागतो असं नाही. हेल्मेट मात्र लागतंच. आधी लोकांना तेवढं तरी घालू द्या." साडूंनी त्यातलं "उपयोग होईलही" एवढंच ऐकलं.

आणि लोक हेल्मेट घालत नव्हतेच. त्यात मीही आलो. हे लिहायला लाज वाटते, पण माझं हेल्मेट डावीकडच्या आरशाला लटकलेलं असे आणि पोलीस दिसले तरच डोक्यावर येई. मला रात्री झोप न यायला फार लहान कारणं पुरतात. कोणाला उलट बोललो, एखादा फोन घेतला नाही. पण आरशाला लटकलेल्या हेल्मेटखाली मी गाढ झोपत होतो, याचं मला अजून नवल वाटतं. नेकलेस घालून पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हाच साडूंनी ते पाहून म्हटलं होतं, "पाव्हणं, आरशाचं डोकं जपताय व्हय?"

खरी गोष्ट सुरू झाली ती अश्विनीची नोकरी लागली तेव्हा. अश्विनी साडूंची एकुलती एक मुलगी. नर्सिंग केलं आणि हिर्डोशीच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर लसीकरणाला जायचं काम तिला मिळालं. तिकडं एसटी तुरळक, वाड्यांवर जायचं तर शेवटचा टप्पा पायीच, त्यामुळं स्कूटर नसेल तर नोकरी नाही, असा सरळ हिशेब होता. ती आमच्या घरी भोरला राहायला आली. साडू तिच्या मागोमाग आले आणि त्यांनी पिशवीतून दुसरा नेकलेस काढला. तिच्या मापाचा, खास मागवलेला.

पोरगी शहाणी. पहिल्या दिवशी बापाचं मन राखून घालून गेली. संध्याकाळी आली ती हसून हसून लाल. "काका, एका आजीनं मला घोंगडी अंथरून दिली. म्हणे, तुमीच पडा जरा बाई, सुई आमी मागनं घेतो!" पण मग हसू ओसरलं. बायका लेकरं घेऊन लांब उभ्या राहिल्या होत्या. नर्सच आजारी, ती काय लस देणार? तिनं नेकलेस टेबलावर ठेवला आणि बापाला सांगितलं, "बाबा, हेल्मेट पूर्ण घालीन. बूट घालीन. गाडी हळू चालवीन. हे नाही घालणार."

साडूंनी हात पुढं केला. "मग चावी हितं ठेव."

"बाबा, उद्या सात वाड्या आहेत."

"मानेपेक्षा वाड्या मोठ्या न्हाईत."

तिनं चावी ठेवली. त्या रात्री आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. आधी अश्विनी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "काका, तुम्ही सांगा ना त्यांना." मी हो म्हणालो. मग ओट्यावर साडू म्हणाले, "पाव्हणं, तुमचं ती ऐकंल." मी तिथंही हो म्हणालो. नंतर अंथरुणावर मला कळेना की दोघांपैकी कोणाला मी फसवलं, बहुतेक दोघांनाही. बायको म्हणाली, "तुम्ही झोपा. दाजींना मी बघते." तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण सकाळी तोडगा निघाला. अश्विनी फक्त हेल्मेट घालून जाईल, आणि साडू तिच्या मागं आपल्या गाडीवरून जातील. कामथडीची शेती मेहुणीवर सोडून ते आमच्याकडे मुक्कामालाच राहिले.

मग रोज सकाळी भोरच्या लोकांना ती वरात दिसू लागली. पुढं निळ्या स्कूटरवर मुलगी, मागं चार आरशांचा आणि नेकलेसचा बाप. ती वाडीवर कामाला लागली की ते पारावर बसायचे. तिथंच त्यांच्या डोळ्यांदेखत एक गोष्ट घडली, ती पुरी झाली त्या संध्याकाळी त्यांनी मला सांगितली, आणि सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

एक तरणी बाई लेकराला कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, "माझं पोर धडधाकट हाय. सुई दिली की दोन दिस रडतंय. कशाला पायजे?" अश्विनीनं समजावलं. बाई म्हणाली, "घरी इचारते," आणि निघून गेली. साडू पारावरून उठलेच होते; तिला थांबवून मणके-बिणके सगळं सांगणार होते. अश्विनीनं लांबूनच हात केला, बसा म्हणून. पुढच्या खेपेला ती त्या बाईच्या घरी गेली, साडू अंगणात थांबले. लसीचं नाव काढलं नाही. चुलीपाशी बसली, लेकराशी खेळली, चहा घेतला, नाचणीचं विचारलं. त्याच्या पुढच्या खेपेला बाई स्वतःच लेकरू घेऊन पाराकडं आली. पोर रडलं, बाई हसली, झालं.

"पाव्हणं," साडू म्हणाले, "तिनं रागवायचं व्हतं. म्या असतो तर अख्खी वाडी गोळा केली असती. पण पोरगी बसली, चहा पिली, उठली. दोन खेपा गेली. लेकराच्या आईच्या हातनं काय हिसकावून घेतलं न्हाई."

त्यांनी खिशातून स्कूटरची चावी काढली. पोरीनं कुठं परस्पर जाऊ नये म्हणून ते ती रोज संध्याकाळी आपल्याकडं घेत, हे मला तेव्हा कळलं. ती त्यांनी आमच्या टीव्हीवर ठेवली आणि म्हणाले, "एवढी वरसं म्या सांगतोय. एकानं तरी घातलं का? तुमी तरी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्विनीनं हेल्मेटचा पट्टा बांधला, आरशात बघून नीट केला आणि बाहेर थांबली. साडू चपला घालून दारात आले. नेकलेस गळ्यात होताच. पण गाडीला हात लावला नाही.

"चला ना बाबा."

"आज न्हाई. रफीककडं काम हाय. ब्रेक बघायचाय."

ब्रेक आदल्याच दिवशी बघून झाले होते. अश्विनीला ते माहीत होतं. तिनं वाद घातला नाही. वाकून पाया पडली, तशी ती कधी पडत नसे, आणि निघाली. रस्त्याच्या टोकापर्यंत निळी स्कूटर दिसत राहिली. नंतर नुसता आवाज, आणि मग तोही बाजाराच्या गलक्यात मिसळून गेला.

साडू रफीककडं गेले नाहीत. आमच्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिले. मोबाईल मांडीवर. माझी बायको दोनदा चहा देऊन गेली. शेवटी मोबाईल वाजला.

"पोचले बाबा. इकडं धुकं आहे."

"बरं," साडू म्हणाले. एरवी त्यावर अर्धा तास बोलले असते. त्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि छातीवरची पट्टी सोडली. मग पाठीवरची. आमच्या घरात त्यांना नेकलेस काढताना मी पहिल्यांदाच पाहिलं. खालची मान चेहऱ्यापेक्षा गोरी होती, बारीक, सुरकुतलेली, दोन्ही बाजूंना कड्याचे लालसर वळ. इतक्या दिवसांत तिच्यावर ऊन पडलं नसावं. मला उगाचच अपराधी वाटलं, परवानगी न घेता कोणाच्या तरी घरात डोकावल्यासारखं. त्यांनी टॉवेलनं मान पुसली, खिडकीतून रस्त्याकडं पाहिलं, आणि अगदी पाहुण्यासारखं, संकोचून विचारलं,

"पाव्हणं, ती परत येईस्तवर म्या हितंच थांबलो तर चालंल का?"

"थांबा की," मी म्हणालो, आणि माझीही खुर्ची ओढून खिडकीपाशी घेतली.