आम्रपालीचं यीस्ट

किरनापूरची आम्रपाली बालाघाटला बी.एस्सी. झाली आणि वारासिवनीजवळच्या इथेनॉल कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. तांदळाची कणी शिजवून तिची साखर करायची, ती यीस्टला खाऊ घालायची, यीस्टनं तिचं इथेनॉल करायचं. ते यीस्ट सांभाळणं आम्रपालीचं काम. बसमध्ये कुणी विचारलं तर ती सांगायची, "करोडो जीव पाळते मी!"

मे महिन्यात यीस्ट जिथे साखर आंबवायचं ती मोठी टाकी मंदावली. फेस बसला, साखर तशीच राहिली. व्यवस्थापक गजेंद्र म्हणाले, "आणखी यीस्ट टाका." टाकलं, तेही गप्प झालं.

आम्रपालीनं टाकीतल्या थेंबात निळा रंग मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मेलेल्या पेशी रंग धरतात. सगळीकडे निळंच निळं, उरलेल्या जिवंत पेशीही आक्रसलेल्या. ती धावतच गजेंद्रकडे गेली.

"सर, यीस्ट कमी नाही पडून राह्यलं! छोट्या टाकीत आपण त्याले लाडात वाढवतो, अन् मंग एकदम गरम, पाकासारख्या गोड घोळात टाकतो. साखर पेशीतलं पाणी ओढून घेते."

"मग काय करायचं?"

"छोट्या टाकीतच हळूहळू गर्मी वाढवू, साखर बी. खतरा कळला का पेशी स्वतःले वाचवाची तयारी करते. तेवढा टाइम द्या तिले."

गजेंद्रना पटलं नव्हतं, पण त्यांनी परवानगी दिली. आम्रपालीनं उत्साहाच्या भरात गर्मी भराभर चढवली आणि सगळं यीस्ट मेलं. ती रडकुंडीला आली.

"आता?" गजेंद्रनी विचारलं.

"म्याच घाई केली, सर. अजून एक डाव द्या."

या खेपेला तिनं जरा गर्मी वाढवायची, पेशी तपासायच्या, मगच पुढे जायचं, असं केलं. कणीची साखरही आधीच सगळी न होता मोठ्या टाकीतच हळूहळू तयार होईल, अशी सोय केली आणि तयार झालेलं यीस्ट तिच्यात सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवरचा प्रेमलाल वरूनच ओरडला, "मॅडम, जल्दी या!"

ती जिना चढली. काचेपलीकडे फेस झाकणाला भिडला होता, टाकीच्या पोटात नुसती खदखद. गजेंद्र मागोमाग धापा टाकत आले.

"अरे, फेस मारायचं औषध टाका! वाहून जाईल सगळं!" ते ओरडत होते आणि हसतही होते.

"वाहू द्या ना सर थोडं!" आम्रपाली म्हणाली आणि तिनं प्रेमलालच्या हातावर जोरात टाळी दिली.

"दुसरी टाकी कधी भरायची?" गजेंद्रनी विचारलं.

"हे काय, निघालीच," म्हणत ती दोन दोन पायऱ्या उतरत छोट्या टाकीकडे पळाली.