सर्दी नाही ना?

माणसांपेक्षा उंदरांच्या तब्येतीची जास्त काळजी वाहणारा माणूस उभ्या भिवंडीत एकच होऊन गेला, आणि तो माझा सख्खा मामा होता. मुंबईच्या एका कॅन्सर संशोधन संस्थेत तो शास्त्रज्ञ होता. रोग्याच्या गाठीचे कण उंदरांच्या अंगात ठेवायचे आणि त्यांना कुठलं औषध लागू पडतं ते पाहायचं, हे त्याचं काम. पण उंदराचं अंग गप्प बसत नाही. परकी गाठ दिसली की स्वतःच तिच्यावर तुटून पडतं. म्हणून आधी उंदराची प्रतिकारशक्ती दाबावी लागे. भिवंडीतल्या टेमघरात मामाच्या घराशेजारी कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. तिथल्या म्हाताऱ्या वॉचमनला हे ऐकून धक्काच बसला. "चौकीदार को ही सुला दिया, साब?" मामा म्हणाला, "सुलाना पडता है, चाचा. नहीं तो चोर को दवा ने मारा के चौकीदार ने, कैसे समझेगा?" त्या दिवसापासून मामा दिसला की चाचा स्टुलावर ताठ बसायचा.

असे उंदीर साध्या आजारानेही दगावतात. त्यामुळे मामाने सगळ्या जगाची सर्दीवाले आणि बिनसर्दीवाले अशी वाटणी केली होती. दारातल्या पाहुण्याला "या, बसा" म्हणायच्या आधी तो विचारी, "सर्दी नाही ना?" मला बघायला आलेल्या मुलाचा पगार सगळ्यांनी विचारला, मामाने फक्त त्याचं नाक न्याहाळलं. लूमचा कापूस केसांतून उंदरांपर्यंत जाऊ नये म्हणून तो डोक्याला रुमाल बांधून एसटी स्टँडवर जाई. त्याच्या घरात मात्र गटारातले उंदीर साबण खात. "ते धडधाकट आहेत, त्यांचं काय बघायचं," म्हणे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझ्या आईलाच गाठ निघाली. ऑपरेशननंतर तिच्या संमतीने गाठीचे काही कण मामाच्या उंदरांत गेले. पहिल्याच औषधाने उंदरांतली गाठ विरघळली. बाबांनी पेढे आणले. मामाने हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

"दाजी, औषध न दिलेल्या उंदरांतही गाठ विरघळलीय. प्रतिकारशक्ती नीट दबलीच नव्हती. हे उंदरांचं कर्तृत्व, औषधाचं नव्हे."

बाबा त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मामाने राखून ठेवलेल्या कणांवर सगळं पुन्हा केलं. या वेळी पहिलं औषध हात हलवत परतलं; दुसऱ्याने गाठ खरोखर आकसली. डॉक्टरांनी तेही लक्षात घेऊन उपचार ठरवले. चुकीच्या पेढ्यांवर आम्ही खूश राहिलो असतो तर, हा विचार आजही मला सोसत नाही.

उपचारांनी आईच्या अंगातला चौकीदारही झोपला. भाऊबीजेला मामा आला तो अंगणातच थांबला.

"अरे, आत ये की."

"नको ताई. सकाळपासून शिंका येतायत."

मग आईने बंद खिडकीच्या काचेआडून त्याला ओवाळलं. मामा नाक पुसत राहिला. डोळ्यांतून पाणीही सर्दीनेच येतंय, असं त्याने आम्हाला शास्त्रीय पद्धतीने समजावलं.

आई बरी झाली. पुढे काही वर्षांनी मामाच गेला. आईची औषधं केव्हाच संपलीत, सर्दीपासून जपायचं आता काही कारण उरलेलं नाही. तरी दार वाजलं की तीच पुढे होते आणि येणाऱ्याला उंबऱ्याबाहेर थांबवून विचारते, "सर्दी नाही ना?" नवखा माणूस गोंधळतो. मी मुकाट्याने त्याच्यापुढे हात धुवायला पाणी ठेवते.