उजव्या हाताचा डाव

मनगट मोडल्यावर महिनाभर मी मुलुंडच्या एका फिजिओथेरपी केंद्रात जात होते. तिथे एक गृहस्थ रोज कॅरमबोर्डापुढे बसलेले असत. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. शर्ट कडक इस्त्रीचा, पण बटणं अर्धीच लावलेली. बोर्डावर पावडर ते स्वतःच टाकत आणि त्यातली निम्मी मांडीवर सांडे. नाव मी कधी विचारलं नाही.

त्यांचा नेम सारखा चुके. एकदा न राहवून मी म्हणाले, "मोबाईलवर कॅरम खेळा ना. नेमाची रेघसुद्धा तोच आखून देतो."

"काल सहा डाव जिंकलो त्याच्यावर, मॅडम," ते म्हणाले. "पण माझा हात थरथरतो हे त्याला कळतच नाय. भांडुपला लेथ मशीनवर होतो मी. परत उभं राहायचंय तिथे."

माझ्या शेवटच्या दिवशी त्यांनी राणी घेतली. राणीपाठोपाठ आपली एक सोंगटी घालवावी लागते, नाहीतर राणी परत मधोमध ठेवायची. त्यांची सोंगटी भोकाच्या तोंडाशी येऊन थांबली. केंद्रातली व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली, "चालेल हो काका, गेली असं समजू."

"उद्या मशीन असं सोडणार काय गं मला?"

त्यांनी राणी बाहेर काढली आणि उजव्या हातानेच ती मधल्या वर्तुळाकडे न्यायला लागले. ती वाटेत दोनदा पडली. बराच वेळ लागला. आम्ही दोघी हात मागे बांधून उभ्या राहिलो.