काखेतल्या कड्या

जुलैच्या दुपारी मखमलीचा पायघोळ झगा घालून दुबईतल्या अल बर्शाच्या फुटपाथवरून बाई चालताना दिसली, की गाड्यांमधले लोक मान वळवून बघतात. मी चार उन्हाळे तशी चालले. आमच्या बिल्डिंगपासून तीन गल्ल्यांवर एका शाळेचा बंदिस्त स्पोर्ट्स हॉल आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे चार वीकेंड जुन्या युरोपची जत्रा भरते. राजाराणी असतात, भाले घेतलेले पहारेकरी असतात, मेणबत्त्या ओतायला आणि चामड्याची पाकिटं शिवायला शिकवतात. बाहेर सेहेचाळीस डिग्री, आणि आत एसी इतका, की पहारेकऱ्यांना अंगरख्याच्या आत स्वेटर घालावा लागतो. सगळी कामं व्हॉलंटियर करतात.

मी गेले ती घर खायला उठायचं म्हणून. नवरा शाळेत शिकवतो. सुट्टी लागली की तो मुलीला घेऊन दोन महिने पुण्याला जातो. मला मात्र त्या दिवसांत कधीच रजा मिळत नाही. सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू कुठे मोडेल ते शोधून काढण्याचा मला पगार मिळतो.

जत्रेची प्रमुख एक मराठी बाई होती. मूळची मुंबईची, वीस वर्षं दुबईत, सगळ्यांची ताई. उंच, आवाज खणखणीत, राणीचा पोशाख तिच्याइतका दुसऱ्या कोणाला शोभत नसे. पहिल्या शनिवारी तिनेच माझ्या झग्याच्या नाड्या मागून आवळून दिल्या आणि म्हणाली, "आता तू आमची." घरचं कोणी माझ्याशी बोलत नव्हतं असं नाही, फोन रोज व्हायचे. तरी ते वाक्य ऐकून मला बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे तिच्याबद्दल जे वाटलं, ते मुळात परक्या माणसाबद्दल वाटलेलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात एका पाहुण्याने लोखंडी कड्यांचं शिरस्त्राण आणलं होतं. हातात घेतलं तर पाण्यासारखं ओघळायचं. मी ठरवलं, आपण अख्खं चिलखत विणायचं. रीत साधी आहे. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांमधून ओवायची आणि दोन पकडींनी तिचं तोंड मिटवायचं. साधी आहे, आणि अंत पाहणारी आहे. पहिली वीतभर पट्टी व्हायला मला महिना लागला. बोटांना फोड आले, मग घट्टे पडले. मुलगी परत आल्यावर म्हणाली, "आई, यू आर ऑब्सेस्ड." नवऱ्याने सोफ्यावर बसताना खाली हात फिरवून बघायची सवय लावून घेतली.

माझ्या कड्या नीट मिटत नव्हत्या. त्याचं कारण मला बाल्कनीचं सरकतं दार दुरुस्त करायला आलेल्या माणसाने सांगितलं. तो रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये कामाला. राहायला मजुरांच्या कॅम्पमध्ये, आठ जणांच्या खोलीत. टेबलावरची कडी उचलून त्याने उजेडात धरली.

"मॅडम, कटरने तोडलीत का? टोक चिमटलंय. गजावर तार गुंडाळायची आणि बारीक करवतीने उभी चिरायची. तोंडाला तोंड बसतं मग."

पुढच्या रविवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो पिशवीभर कड्या चिरून घेऊन आला. एकही वाकडी नव्हती. त्यानंतर तीन वर्षं माझ्या सगळ्या कड्या त्यानेच चिरल्या. मी त्याला भाऊ म्हणायची. मीच त्याला जत्रेत आणलं. दर रविवारी तो पहारेकरी व्हायचा. रुंद खांद्यांचा माणूस, भाला घेऊन उभा राहिला की पोरं त्याच्यासोबत फोटो काढायला रांग लावत.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी चिलखत पूर्ण झालं. गुडघ्यापर्यंत लांब, कोपरापर्यंत बाह्या, दहा किलोला थोडं कमी. ताईने ते हॉलच्या मधोमध लाकडी पुतळ्यावर चढवलं. मी त्या दिवशी पाच-सहा वेळा काहीतरी निमित्त काढून तिथून गेले.

नंतर आठवड्याभराने ऑफिसच्या पॅन्ट्रीत एका सहकाऱ्याने मला मोबाईल दाखवला. तुमच्या जत्रेचा व्हिडिओ आहे, म्हणाला, त्या बाईंच्या पेशन्सला सलाम. कोणीतरी ताईची मुलाखत घेतली होती. राणीच्या वेशात, चिलखतावर हात ठेवून ती इंग्रजीत सांगत होती, की हे तिचं तीन वर्षांचं काम आहे, संध्याकाळी दमून आल्यावर ती कड्या हातात घेते आणि मन शांत होतं. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, एकटीने केलंत? ती हसून म्हणाली, आमच्या मुली मदत करतात कड्या लावायला.

मी चहा तसाच सिंकमध्ये ओतला. माझं मन कड्यांनी शांत होतं, हे वाक्य माझं होतं. मीच तिला ते सांगितलं होतं, तिच्या गाडीत, एका रात्री ती मला घरी सोडत असताना.

मी लगेच तोंड वाजवलं नाही. आधी तिला फोन केला. ती म्हणाली, "अगं, ग्रुपचं काम म्हणजे सगळ्यांचंच काम. एवढं काय मनाला लावून घेतेस." पुढे दिवाळीच्या आधी एका मॉलमध्ये चिलखत मांडलं, तेव्हा खालच्या पाटीवर तिचं नाव होतं. मी प्रत्यक्ष भेटून म्हटलं, ताई, पाटी बदलूया. ती म्हणाली, "इन्शाल्ला, पुढच्या वेळी." इथे राहणाऱ्या माणसाला इन्शाल्ला कुठल्या सुरात म्हटलं की त्याचा अर्थ नाही असा होतो, हे कोणी शिकवावं लागत नाही.

त्या दिवसापासून मी गोड वागायला लागले. दिवाळीत तिच्या घरी चकल्या पोचवल्या. तिच्या वाढदिवसाचा केक मीच ठरवला. ग्रुपवर तिने काही टाकलं की पहिला अंगठा माझा. नवऱ्याला वाटलं, मिटलं. मी रोज झोपायच्या आधी आणि उठल्यावर एकच विचार करायची, ही कुठे मोडेल. भांडण करून उपयोग नव्हता. भांडणात ती जिंकली असती, तिला माणसं गोळा करता येत होती. तिला एकच गोष्ट येत नव्हती, आणि ते बाहेरच्या कोणालाच माहीत नव्हतं. तिने आयुष्यात एकही कडी मिटवली नव्हती.

संधी तिनेच आणून दिली. चौथ्या उन्हाळ्यात तिने जाहीर केलं, की ती रविवारी चिलखताचं प्रात्यक्षिक देणार. बोलणार ती, आणि मागच्या टेबलावर बसून पट्ट्या विणून देणार मी. दीड तासावरच्या अल ऐनच्या एका शाळेची बाई उन्हाळी शिबिरातल्या मुलांची बस घेऊन मुद्दाम येणार होती. पसंत पडलं तर वर्षभर त्यांच्या शाळेत हस्तकला शिकवायला ताईला बोलावणार होती. हे सगळं ताईनेच मला आनंदाने सांगितलं. मी म्हटलं, ताई, मस्तच.

त्या रविवारी हॉल उघडायच्या आधी मी पोचले. पुतळ्यावरच्या चिलखताच्या उजव्या काखेतल्या आणि तिथून कमरेपर्यंतच्या उभ्या ओळीतल्या कड्या एकेक करून उघडल्या. काढल्या नाहीत, नुसती तोंडं ओवण्यापुरती सैल केली. हात खाली असेपर्यंत सगळं जागच्या जागी राहणार होतं. हात वर गेला की वजन तिथेच येणार होतं.

अकरा वाजता मी काख हाताने धरून भाऊंच्या अंगात चिलखत अलगद चढवलं आणि ते भाला घेऊन उभे राहिले. चाळीसेक मुलं जमिनीवर बसली होती, मागे आईबाप, कडेला अल ऐनची बाई हातात वही घेऊन. ताई छान बोलली, ते तिला यायचंच. मग तिने पहारेकऱ्याला सलामी द्यायला सांगितलं. भाऊंनी भाला वर उचलला आणि काखेपासून कमरेपर्यंत चिलखत उसवत गेलं. कड्या फरशीवर सांडल्या. पोरं आधी दचकली, मग हसायला लागली.

ताई घाबरली नाही. वळून मला म्हणाली, "चल, पटकन लावून दे."

मी उठले, दोन्ही पकडी तिच्यासमोर धरल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, इंग्रजीत म्हटलं, की बनवणाऱ्याने स्वतः दुरुस्त करताना बघायची संधी मुलांना परत मिळणार नाही. मग तिच्याकडे बघून हळूच मराठीत म्हटलं, "ताई, तुम्ही बनवलंय ना. तुम्हीच लावा."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी तिला सगळं कळलं, आणि कळलेलं मला दिसलं. वर्षभर मी ज्यासाठी चकल्या तळल्या, ते हेच होतं.

तिने पकडी घेतल्या. कडी उघडताना एक टोक पुढे आणि एक मागे असं पिळायचं असतं. तिने दोन टोकं बाजूला ओढली. अशी ओढलेली कडी लांबट होते आणि पुन्हा कधीच गोल मिटत नाही. पहिली वाया गेली, दुसरी गेली, तिसरी हातातून उडाली. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "डझन्ट शी नो हाऊ?" ताईच्या गळ्याशी लाल चट्टे उठले. अल ऐनच्या बाईने वही मिटली आणि मला विचारलं, तुम्हाला येतं का. मी खाली बसले आणि भराभर आठ-दहा कड्या लावून दाखवल्या. मग तिने विचारलं, हे चिलखत कोणी केलं. मी म्हटलं, मी.

"कड्या मी चिरल्या," भाऊ वरून म्हणाले, हिंदीत, सगळ्यांना समजावं म्हणून. त्यांचा चेहरा निर्विकार होता. तीन वर्षांत मी कुठे त्यांचा उल्लेख केला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

ताईने त्या संध्याकाळी फोन केला. म्हणाली, "मला एकटीला गाठून सांगायचं होतंस." मी म्हटलं, "दोनदा सांगितलं होतं." त्यावर ती म्हणाली, तिला वाटलं होतं की मला नावाची हौस नाही. मी फोन ठेवला. त्या रात्री मला फार गाढ झोप लागली.

चार दिवसांनी अल ऐनच्या शाळेची ईमेल आली. दर शनिवारी येऊ शकाल का? मी दोन ओळींत नकार कळवला. इतक्या लांब गाडी हाकत जायची मला अजिबात इच्छा नव्हती. ते काम मला नकोच होतं, ते तिला मिळू नये एवढंच हवं होतं. नवरा म्हणाला, हे जरा अति झालं. मी म्हटलं, असेल.

भाऊंचं मात्र वेगळं झालं. पुढच्या रविवारी ते जत्रेला आले नाहीत, म्हणून मी फोन केला. त्यांच्या काखेत उघड्या कडीने लांब ओरखडा उठला होता. मी माफी मागितली. ते म्हणाले, लोखंडात काम करतो, ओरखड्याचं काय नाय. मग म्हणाले, "त्या कड्या तुटल्या नव्हत्या, मॅडम. उघडल्या होत्या. मला उसवताना कळलं. तुमचं भांडण तुमचं. पण अंगावर मी घातलं होतं."

ग्रुपवर मी लिहिलं, की चिलखताची प्रत्येक कडी त्यांनी चिरली आहे, आणि तो मेसेज त्यांनाही पाठवला. त्यांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. कड्या मात्र पुन्हा चिरून दिल्या नाहीत. मी करवत विकत आणली आहे. माझ्या कड्या त्यांच्यासारख्या होत नाहीत.

ताईने जत्रा सोडली. यंदा राणी दुसरीच कोणीतरी होती, आवाज माईकशिवाय पोचत नव्हता म्हणे. मीही यंदा गेले नाही. घरीच बसून शिरस्त्राण विणते आहे.

मागच्या महिन्यात सुपरमार्केटमध्ये भाजीच्या रांगेत ताई दिसली. जरा वाळली होती, केस कापले होते. मला बघून तिने ट्रॉली वळवली आणि अर्धवट भरलेली कोथिंबिरीची पिशवी काट्यावर तशीच ठेवून निघून गेली. माणसं म्हणतात, सूड घेतल्यावर पोकळ वाटतं. मी तिथे उभं राहून वाट बघितली. नाही वाटलं. मी माझे टोमॅटो वजन करून घेतले.