बिनखिळ्यांचे बूट

युद्धाच्या त्या वर्षी मी खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात बारूद भरायच्या विभागात होतो. आत शिरताना बाहेरचे जोडे काढून बिनखिळ्यांचे बूट घालावे लागत, कारण एका खिळ्याची ठिणगी पुरे होती.

सुट्टी क्वचितच मिळे. मिळाली की त्याच विभागातला माझा मित्र आणि मी नर्मदेत त्याची अरुंद होडी वल्हवायला जायचो. थंडीत होडीच्या तळाशी पाणी साचे आणि चपलेतली बोटं बधिर होत. म्हणून मी बूट घ्यायला गेलो. प्रत्येक जोड उलटा करून तळव्यावरून बोट फिरवलं, टाच ठोकून पाहिली आणि एकही खिळा नसलेला जोड निवडला. "भाईसाहब, पहनके तो देखिए," दुकानदार दोनदा म्हणाला. पण मला कुणी शिकवलेलं खपत नसे; पायात न घालताच बांधून घेतला.

रविवारी होडीत जाताना एकावर एक घातलेल्या दोन लोकरी मोज्यांवर बूट कसेबसे चढवले. बोटं हलायला जागाच नव्हती, त्यामुळे पाय चपलेतल्यापेक्षाही गार पडले.

"इतके लहान काहून घेतले?" मित्राने विचारलं. मी खिळ्यांचं सांगितलं, तर तो वल्हं सोडून हसत सुटला. "अरे, नर्मदेत काय पेटणार हाये? चल, मीच घेऊन देतो."

दुकानात मी मोज्यांवर मोठ्या मापाचा एक बूट घातला. मस्त बसला, बोटंही मोकळी हलली. दुसरा मागायला वळलो, तर तो मित्राच्या हातात उलटा होता आणि मित्र तळव्यावरून बोट फिरवून राहिला होता.