ताटातला पेनड्राइव्ह

आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. आई चौथीपर्यंत, आप्पा त्याहून कमी. हे मी लाजून नाही, मिरवून सांगते. वडगावात आमचे दोन माग आहेत. बी.सी.ए. होऊन आले आणि मागावरच्या जॅकार्डला, म्हणजे काठाची नक्षी पाडणाऱ्या यंत्राला, डिझाइन पुरवायचं काम माझ्याकडं आलं. पूर्वी आप्पा चौकटीच्या कागदावर साडीचा काठ काढायचे, त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे मागावर चढायचे. आता मी कॉम्प्युटरवर काठ काढते, पेनड्राइव्हमध्ये घालते, आणि तो जॅकार्डच्या डब्याला लावला की माग विणायला लागतो.

आप्पांचे आयुष्यभराचे कागद मी दोन वर्षं बसून कॉम्प्युटरवर उतरवले. मग ते न्हाणीतल्या चुलीत घालायला आईला मीच सांगितलं. पुढं कॉम्प्युटर भरून मंद झाला म्हणून ती सगळी डिझाइनं एका पेनड्राइव्हमध्ये हलवली. हलवली, दुसरी प्रत ठेवली नाही. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात, तेवढंही मी केलं नाही.

आप्पांची एक रीत होती. खंडेनवमीला मागाची पूजा झाली की गल्लीतल्या प्रत्येक घराला एक नवा काठ फुकट द्यायचा. पूर्वी कागद द्यायचे. हे घडलं त्या वर्षी लोकांनी आपापले पेनड्राइव्ह आणून पूजेच्या ताटात, मागाचा धोटा आणि कात्रीच्या शेजारी ठेवले. अकरा होते, सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं. आप्पांच्या डिझाइनांचा पेनड्राइव्ह मी कॉम्प्युटरला लावूनच ठेवला, कारण नवा काठ त्यातच होता. मग ताटातला एकेक उचलून लावायचा, काठ घालायचा, काढायचा. दारात बायका बघत उभ्या होत्या. मला फार बरं वाटत होतं.

अँटिव्हायरस बंद होता. डिझाइनचं सॉफ्टवेअर चोरून आणलेलं. अँटिव्हायरस त्याला पकडायचा, म्हणून मीच बंद करून ठेवलेला.

मधेच एकदा स्क्रीनवर काळी चौकट उघडली आणि लगेच मिटली. मी ती बघितली, आणि पुढचा पेनड्राइव्ह लावला.

तिसऱ्या दिवशी शेजारची काकू आली. तिचा माग बंद पडला होता. जॅकार्डचा डबा फाइलच नाही म्हणत होता. ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "सायबीण, तुझ्या हातचा परसाद आमच्या मागाला पचला न्हाय बघ."

मी तिचा पेनड्राइव्ह लावून बघितला. आत एकच चित्र, कोपऱ्यात छोटा बाण असलेलं. त्यावर दाबलं की काळी चौकट लुकलुकायची. मी फार विचार न करता तो फॉरमॅट करून दिला, म्हणजे आतलं सगळं पुसून कोरा केला. संध्याकाळपर्यंत आणखी एका घरचाही तसाच कोरा केला. दोघींची जुनी डिझाइनं गेली. फॉरमॅटशिवाय इलाज नसतो, असं मी दोघींना ठणकावून सांगितलं.

मग आप्पांचा पेनड्राइव्ह उघडला. आत तोच बाण.

आप्पांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकत आला होता. उद्या मोराचा काठ लाव म्हणून सांगायला ते आले होते. सापडत नाही म्हटल्यावर त्यांनी माझी जुनी चौकटीची वही घेतली आणि खिडकीपाशी बसून मोर काढायला लागले. बराच वेळ बसले. मग पेन्सिल ठेवली.

"मानेपातूर आलो," म्हणाले. "म्होरलं आठवंना. ते तुझ्या त्या कांडीत हाय."

पेनड्राइव्हला ते कांडी म्हणायचे. कांडी रिकामी झाली असं मी त्यांना सांगितलं. निदान पुसून चालू तरी करते म्हटलं. फॉरमॅटवर माउस नेला होता. आप्पा उठून आले आणि स्क्रीनला नाक टेकेल इतके वाकले.

"ह्यो निळा पट्टा भरलाय न्हवं? रिकामी कांडी अशी दिसती व्हय गं?"

पेनड्राइव्हच्या नावाखाली जागा दाखवणारा पट्टा जवळजवळ काठोकाठ निळा होता. मी दिवसभर तोच स्क्रीन बघत होते.

मग शोधलं तेव्हा कळलं, आतलं काही गेलंच नव्हतं. हा वर्म जातीचा व्हायरस. सगळ्या फाइली बिननावाच्या फोल्डरमध्ये लपवतो आणि बाहेर स्वतःचं चित्र ठेवतो. आपण आपलं फोल्डर समजून दाबतो, तो आधी स्वतः कॉम्प्युटरमध्ये शिरतो, मग आपल्याला आपलं फोल्डर दाखवतो, म्हणजे संशय नको. त्यानंतर लागेल त्या पेनड्राइव्हवर क्षणात जाऊन बसतो. ताटातल्या कुणाकडून आला, कधी कळलं नाही. काकूचा पेनड्राइव्ह लग्नपत्रिका छापायला निपाणीला जाऊन आला होता, दुसऱ्या कुणाचा चिकोडीला. वाटला मात्र मी, माझ्या हातानं.

आप्पांच्या पेनड्राइव्हला हात लावायचं धाडस झालं नाही. आधी माझा साफ केला. काढला, परत लावला, आणि बाण परत हजर. तीनदा तेच. आई दारात सुताच्या कांड्या भरत होती. काय चाललंय म्हणून विचारलं, तिला सांगितलं.

"एकाच पोरीच्या डोसक्यातल्या उवा काढून भागतंय व्हय? सगळ्या घराचं डोस्कं धुवाय लागतंय."

मग तसंच केलं. गल्लीतल्या चारही कॉम्प्युटरांचं नेट तोडलं. सगळ्यांना विनवलं, एक दिवस कुणी कुठं पेनड्राइव्ह लावू नका. चोरटं सॉफ्टवेअर काढलं, विंडोज पुसून नव्यानं टाकलं, पेनड्राइव्ह लावताच आपोआप उघडायची सोय बंद केली, अँटिव्हायरस चालू केला. एकेक पेनड्राइव्ह न उघडता आधी तपासला, बाणाची चित्रं पुसली, आणि लपवलेल्या फाइली एका कमांडनं उघड्या केल्या. आप्पांचा सगळ्यात शेवटी. मोराचा काठ उघडला: मान, आणि मानेखाली पिसारा. आप्पा पडद्यावर बोट फिरवत राहिले. मी त्याच दुपारी दोन प्रती केल्या.

पण खंडेनवमीला ताटात अकरा होते आणि सफाईला दहाच आले. अकरावा कुणाचा, घरोघर विचारलं. आमचं चाललंय की, असंच सगळे म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला मी सांगून ठेवलं होतं, पेनड्राइव्ह आणू नका. नवा काठ मी चौकटीच्या कागदावर छापून ठेवला होता. लोक कागद घेऊन गेले. काकूनंही घेतला, माझ्याकडं न बघता. ताट आवरायला गेले, तर धोट्याच्या आडोशाला एक लाल पेनड्राइव्ह होता. कधी ठेवला, कुणी ठेवला, गेल्या वर्षीचा अकरावा तो हाच का, कुणालाच माहीत नव्हतं.

आप्पांच्या डोळ्यांचं तोवर ऑपरेशन झालं होतं. त्यांनी तो उचलून बघितला. "लावून बघ की, कुणाचा हाय कळंल."

"न्हाय आप्पा."

आप्पांना नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. मग त्यांनी पेनड्राइव्ह ताटात ठेवला आणि ताट उचलून कॉम्प्युटरपासून लांब, मागाच्या पलीकडं नेऊन ठेवलं. तो न्यायला अजून कुणी आलेलं नाही.