एका कोयत्याच्या दोन सह्या

आबानं माझ्या अंबाड्याला हात घातला आन माझं तोंड जनावरांच्या हौदात बुडवलं.

"पानी पायजे ना तुला? पी. पी की, ए कोयता!"

नाकातोंडात पानी गेलं. शेवाळाचं, शेनाचं पानी. वर काढलं, एक श्वास घिऊ दिला, पुन्यांदा दाबलं. हौदाचा काठ छातीत रुतला. तिसऱ्यांदा वर काढलं तवा दिसलं, गोठ्यातला गडी दात काढत हुता. दूधवाला कॅन हातात धरून उभा हुता आन खाली बघत हुता. आबानं माझ्या हातातला मोबाईल हिसकला, हौदात टाकला आन हात सदऱ्याला पुसले.

"जा आता. बुडाली तुझी तक्रार."

मी सरपान तोडून येत हुते. कमरंला कोयता खोवलेला. खरं सांगते, माझा हात तिकडं गेल्ता. मूठ हाताला लागली बी हुती. उसाला बुडातून घाव घालतो तसा एकच घातला आस्ता, तर त्याचं मुंडकं त्याच हौदात पडलं आस्तं. पन डोक्यात येवढंच आलं, की मी जेलात गेले तर आमच्या वस्तीचा ह्यो नळ जन्मभर ह्याच्याच गोठ्यात ऱ्हाईल. मी हात काढला. नाकातून पानी गळत, ओल्या पदरानं घरी आले.

ह्यो आबा सरपंच न्हाई बरं. सरपंच त्याची बायको. तिला सभेत आमी कधी बघितली न्हाई. खुर्ची तिच्या नावाची, बसतो ह्यो.

आमची वस्ती पाथर्डीच्या त्या अंगाला, गावापासून कोसभर वर, माळावर. अकरा घरं. दिवाळी झाली की समद्यांनी ट्रॅक्टरात बसायचं आन ऊस तोडायला जायचं, ते पार उन्हाळा लागंस्तवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम तसंच मोजतो. मानसं किती आसं इचारत न्हाई, कोयते किती म्हनतो. गाव बी तसंच मोजतं. माझं नाव गावात कुनाला ठावं न्हाई. "कोयता आला का गं माघारी?" आसं बाया मलाच इचारतेत. मला बी त्याचं काय वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. मी बी म्हनायचे, आला की.

वस्तीला पानी न्हाई. डोक्यावर दोन हंडे, एक कमरंला, आन खालच्या इहिरीवरनं चढ चढायचा. माझी सासू त्याच चढाला पडली. खुब्याचं हाड मोडलं. तवापासून ती खाटेवर हाय, आन आजून बी मी हंडा उचलला की ती तोंड भिताडाकडं करती. नळासाठी आमी किती येळा अर्ज दिले. भाऊसाहेब, म्हंजी आमचा ग्रामसेवक, अर्ज घ्यायचा आन फायलीत लावायचा.

मागच्या हंगामात काय झालं, फडात दुपारची भाकर खात बसलो हुतो. शेजारच्या टोळीतली एक बाई मोबाईलवर काय तरी बघत हुती. म्हनली, "आगं, सरकारच्या साइटवर गावाचं नाव टाकलं की समदं दिसतंय. कुठं काय काम झालं, सभंला कोन आलं. तू दहावी शिकलेली ना? बघ की."

मी गावाचं नाव टाकलं. मग वस्तीचं. आन काय सांगू! "नळजोडणी : काम पूर्ण." आगं बया, म्हनलं, आपल्या दारात नळ आला आन आपल्यालाच पत्ता न्हाई? हातातली भाकर तशीच ऱ्हायली. सासूला फोन लावनारच हुते.

खाली फोटू हुता. मोठा करून बघितला. नळाखाली हौद. हौदाचा डावा कोपरा फुटका, ट्रॅक्टरचं चाक लागून फुटलेला. त्यो हौद मी घासते. दर पावसाळ्यात मी आबाच्या गोठ्यात कामाला आस्ते, त्यातलं शेवाळ मी नखानं खरवडते. आमच्या वस्तीचा नळ त्याच्या म्हशी पीत हुत्या.

त्याच्या खाली सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेचा ठराव. वस्तीला पानी आलं, समद्यांना मान्य. आन हजेरीच्या कागदाचा फोटू. सव्वीस जानेवारीला आमी फडात मोळ्या बांधत हुतो, पाठ मोडंस्तवर. कागदावर मातर आमी हजर. माझं नाव आन नवऱ्याचं नाव, दोन्ही एकाच वळीत. पुढं आंगठा एक.

दोन मानसं, एक आंगठा. आमची वस्ती समदी तशीच लिवलेली, अकरा वळी, अकरा आंगठे. भाऊसाहेबानं खोटं लिवलं, पन खोटं लिवताना बी त्याच्या हाताला वळन कोयत्याचंच. एक कोयता, एक आंगठा. त्यात काय चुकलंय हे त्याला कळलं बी नसंल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरं मेल्या, मी आंगठा देत न्हाई. दहावीच्या हॉल तिकिटावर माझी सही हाय, मराठीत, पूर्न नावाची. सासूचं हाड मोडलं त्याचं मला जेवढं दुख हुतं, तेवढाच राग त्या एका आंगठ्याचा आला. कमीजास्त मी सांगू शकत न्हाई.

तिथंच बांधावर बसून मी मोबाईलवर तक्रार टाकली. फोटू जोडले. तक्रारीचा नंबर आला. मला लई भारी वाटलं. कुनाच्या दारात उभं न ऱ्हाता, कुनाच्या पाया न पडता मी सरकारशी बोलले हुते.

पंधरा दिसांनी उत्तर आलं. मला ते तोंडपाठ हाय. "स्थळ पाहणी करण्यात आली. नळ कार्यान्वित असून पाणीपुरवठा सुरळीत आहे. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे."

माझी तक्रार वरून खाली, खाली करत चौकशीला कुनाकडं आल्ती? भाऊसाहेबाकडंच. माझ्या नावासकट, मोबाईल नंबरासकट. दुसऱ्या दिशी आबाचा फोन. "लई शानी झालीस? गावात ये, मग बघतो."

आले की गावात. हंगाम संपल्यावर समद्यांसंगं आले. ह्या खेपंला मी ठिकानासकट फोटू काढायचं ठरवलं. मोबाईलमधी तशी सोय हाय, फोटूखाली जागेचे आकडे उमटतेत. एक फोटू आमच्या माळावर काढला, जिथं नळ पायजे हुता तिथं. दुसरा आबाच्या गोठ्यात. दोन्ही आकडे येगळे. दोन्ही फोटू तक्रारीला जोडून पाठवले आन मागनं अंबाड्यावर हात पडला. फुडचं सांगितलंच.

घरी नवरा म्हनला, "गप ऱ्हा. त्यांच्या गावात ऱ्हायचंय आपल्याला." भ्याला हुता. मी त्याला बोल लावत न्हाई. त्याचाच मोबाईल घेतला, हजेरीचा कागद काढला आन त्याच्या फुडं धरला.

"ह्यो आंगठा तुमचा का माझा?"

त्यानं आपला आंगठा बघितला. पाचटानं चिरलेला, त्याच्यावर आता रेघाच न्हाईत. म्हनला, "माझा न्हाई."

"मग आपन दोघं कुठं हाय ह्याच्यात?"

त्या रातीत न्हाई, पन चार दिसांत त्यानंच समद्या वस्तीला तो कागद दावला.

एक मेच्या ग्रामसभेला आमी बावीस जन खाली उतारलो. सभंचं शूटिंग करायचा नियम हाय आता, म्हनून भाऊसाहेबानं मोबाईल स्टँडवर लावला हुता, तोंड व्यासपीठाकडं करून. हजेरीचं पुस्तक फिरत आमच्याकडं आलं.

भाऊसाहेब म्हनला, "कोयत्यामागं एक आंगठा करा. उरका."

मी पेन घेतलं. एका वळीत माझं नाव, फुडं माझी सही. खालच्या वळीत नवऱ्याचं नाव, त्याचा आंगठा. मग उठले आन त्या मोबाईलच्या समोर जाऊन उभी ऱ्हायले.

"मी सव्वीस जानेवारीला सभंला नव्हते. ह्यो आंगठा माझा न्हाई. आमच्या वस्तीचा नळ आबाच्या गोठ्यात हाय. मी त्याचा फोटू काढायला गेले तर आबानं माझं तोंड त्या हौदात बुडवलं."

आबा उठून आला. दातओठ खात हळूच म्हनला, "हौद इसरलीस का गं?" भाऊसाहेबाचा हात स्टँडकडं गेला. मी वरडले, "बंद करू नका! बंद केलं तर त्याचा बी ठराव लिवा!"

आबानं कानफटात हानली. भर सभंत. दात ओठात घुसला, रगत हनुवटीवर आलं. दुसऱ्यांदा हात उगारला तवा मी त्याचं मनगट धरलं. बारा वरसं कोयता धरलेला हात हाय माझा. पिळलं. कडकन वाजलं. आबा गुडघ्यावर आला, खुर्ची त्याच्या अंगावर पडली. मला बरं वाटलं. लपवत न्हाई, लई बरं वाटलं.

त्यानं माझ्यावर मारहानीची केस केली. भाऊसाहेबानं सभंचं शूटिंग साइटवर टाकलंच न्हाई, म्हनतो नेटवर्क नव्हतं. नेटवर्क नसू दे. आमच्या सहा बायांनी आपापल्या मोबाईलमधी समदं घेतलं हुतं, आन त्यांनी ते समद्या गावाच्या मोबाईलवर टाकलं.

गोठ्यातल्या फोटूची तक्रार बी निकाली आली. नळ आजून तिथंच हाय. सासू आजून खाटेवरच हाय. मी आजून हंडा उचलते.

पन आता एका कोयत्याच्या दोन तक्रारी जातेत. अकरा कोयते, बावीस तक्रारी. नवऱ्याची येगळी, बायकोची येगळी. ज्याला लिवता येत न्हाई त्यो बोलतो, मी लिवते. निकाली आली की दुसऱ्या दिशी पुन्यांदा.

येत्या सव्वीस जानेवारीला ऊस तोडायचा ऱ्हायला तर ऱ्हाऊ द्या. मुकादमाला काय बोंबलायचंय ते बोंबलू द्या. मी फडातून गावात येनार, समदी बावीस जनं येनार, आन माझ्या नावाच्या वळीत माझी सही आसनार. एका हातात मोबाईल आसंल. आन आबा, माझ्या केसाला पुन्यांदा हात घातलास, तर दुसरा हात कमरंला जाईल, आन ह्या येळी रिकामा माघारी येनार न्हाई.